बिनमिशांचं मांजर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. "अण्णा, औषधाच्या दुकानातल्या गमती लिहा. दिवाळी अंक आहे, लोकांना जरा हसू द्या." मी लगेच हो म्हणालो. गमती माझ्याकडं पोत्यानं आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच असल्यामुळं कुणाची परवानगी घ्यायचा प्रश्न येत नाही.

तर आधी माझ्या लग्नाची गंमत.

लग्नाला आठ दिवस होते आणि मला सर्दी झाली. साधीच, नाक गळायची. औषधशास्त्राची पदविका घेऊन मी नुकताच आमच्या पलूसमधल्या एका मेडिकलमध्ये नोकरीला लागलो होतो, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं याबद्दल खात्री होती. नवरदेव मांडवात शिंकायला नको म्हणून मी अँटिबायोटिकच्या कॅप्सूल चालू केल्या. दोन दिवसांत फरक दिसेना, म्हणून जोडीला दुसऱ्या जातीच्या घेतल्या. सर्दी होते विषाणूंमुळं, आणि या कॅप्सूल मारतात जिवाणूंना. म्हणजे सर्दीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

सर्दी तिच्या वेळेनं गेली. जाताना पोटाचं दार सताड उघडं टाकून गेली. भर दुपारी कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना, तिसऱ्या कडव्याला, मी अंतरपाटामागून नाहीसा झालो. पलीकडं पद्मा हातात हार घेऊन उभी. मुलीकडच्यांना वाटलं, नवरा पळाला. माझे मामा धोतर सावरत मागच्या बाजूला आले आणि संडासाच्या दारावर थापा मारून म्हणाले, "बाळ्या, नको म्हणायचं असंल तर आत्ता म्हण की रं! लोकं अक्षता हातात धरून उभी हायत!"

लग्न लागलं. संध्याकाळी सासऱ्यांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर आले. मी काय काय गिळलंय ते ऐकून कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, तणनाशक मारलंस तू पोटात. तण नव्हतंच. उभं पीक जाळलंस." मग त्यांनी समजावलं की आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात, आणि अँटिबायोटिकला चांगला-वाईट कळत नाही. नवा जावई आठ दिवस दहीभातावर राहिला. पद्मा ही गोष्ट अजून सांगते आणि दर वेळी मंगलाष्टकांचं एक कडवं वाढवते.

इथं थांबलो असतो तर संपादक खूश झाले असते. पण उभं पीक जाळणं म्हणजे काय हे मला माझ्या लग्नातच कळलं होतं, आणि तरी मी पुढं काय केलं, ते सांगितल्याशिवाय ही गंमत पुरी होत नाही.

पुढं मी उंब्रजला स्वतःचं मेडिकल टाकलं. हायवेवरचं मोठं गाव, आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसं कायम यायची. आमच्या सांगलीकडच्या जैनांत वडीलधाऱ्याला अण्णा म्हणतात. मी तेव्हा तिशीत होतो, पण पोट सुटलेलं आणि केस गेलेले, म्हणून पहिल्या महिन्यातच अण्णा झालो.

लहान मुलांची अँटिबायोटिक बाटलीत कोरडी पावडर होऊन येतात, कारण पाणी घातलं की ती जेमतेम आठवडाभर टिकतात. पाणी मेडिकलवाल्यानं घालून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. आधी बाटलीला टिचक्या मारून पावडर मोकळी करायची. निम्मं पाणी घालून हलवायची. फेस येतो, तो पूर्ण बसू द्यायचा. मग बाटलीवरच्या रेघेपर्यंत उरलेलं पाणी घालायचं. फेस बसायच्या आत रेघ गाठली तर पाणी कमी पडतं, औषध दाट होतं आणि लेकराच्या पोटात जादा जातं. मी फेस बसेपर्यंत कधीही घाई केली नाही. समोर दहा माणसं खोळंबली तरी बाटली डोळ्यांसमोर धरून उभा राहायचो. त्याचा मला फार अभिमान होता.

पाणीही माझं घरून उकळून, गाळून आणलेलं असायचं. गाळायची सवय आईची. पलूसला आमच्या विहिरीचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि मग फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते फडकं त्याच विहिरीच्या पाण्यात हळूच खंगाळायची. मी म्हणायचो, "काय न्हाई त्यात." ती म्हणायची, "तुला दिसत न्हाईत म्हणून न्हाईत व्हय?" त्या बाईच्या मुलानं तेच गाळलेलं पाणी वापरून जन्मभर न दिसणारे जीव मारायची औषधं कालवली. यातली गंमत मला दुकान विकल्यावर उमगली. माझं डोकं अंतरपाट धरल्यासारखं आहे. पलीकडचं उशिरा दिसतं.

औषध कालवून झालं की मी खोक्यावर खुणा करायचो. सकाळचा डोस म्हणजे सूर्य, संध्याकाळचा म्हणजे चंद्रकोर. किती वेळा, किती टोपण, ते रेघांनी. एकदा एक पोरगं भोकाड पसरून रडत होतं, त्याला गप्प करायला मी खोक्यावर वाघ काढायला घेतला. निघालं मांजर. पोरगं रडायचं थांबलं आणि मी ठरवूनच मांजर काढलं असा चेहरा केला. तेव्हापासून लहान मुलाच्या प्रत्येक खोक्यावर मांजर. दोन कान, गोल तोंड, शेवटी तीन-तीन मिशा. पोरं औषधासाठी हट्ट करायला लागली. आया म्हणायच्या, "अण्णांच्या हाताला गुण हाय."

आता या गुणाची फोड करून सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. पोराला सर्दी-ताप आला. डॉक्टरांनी एकदा पाच दिवसांचं औषध लिहून दिलं. पाच दिवसांत ताप गेला. बहुतेक वेळा तो तसाही जाणार होता, पण श्रेय बाटलीला मिळालं. आईनं बाटली टाकली, खोकं मात्र फडताळात जपून ठेवलं. दोन महिन्यांनी परत नाक गळायला लागलं की ती ते खोकं घेऊन थेट माझ्याकडं यायची. "अण्णा, ह्येच द्या." डॉक्टरची चिठ्ठी हवी, हा कायदा. आमच्याकडं खोकं हीच चिठ्ठी. एका खोक्यावर भावंडं वाढली, चुलतभावंडं वाढली. आणि मी दिलं. नियम पाठ होता, फ्रेम करून भिंतीवर लावला होता. पण दवाखान्यात रांग, शेतात खोळंबलेली खुरपणी-भांगलण, कडेवर किरकिरणारं पोर, आणि वर तो माझ्या हातचा गुण. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.

अशाच खोकंवाल्यांत एक सुवर्णा होती. उंब्रजपासून जवळच्या वस्तीवरची. नवरा रणजित फौजेत, कायम लांब कुठंतरी. घरी सासरा, दोन एकर ऊस आणि वर्षाच्या आतली मुलगी, आर्या. आर्याची छाती सारखी भरायची, कान फुटायचा. सुरुवातीला दोन-तीनदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध नेलं. पुढं खोक्यावर. सुवर्णा दर वेळी ओशाळून यायची, जणू काही चोरीच करतेय. मी मांजर काढायचो, पोरगी दोन्ही हातांनी खोकं ओढायची, आणि सुवर्णा तेवढ्यापुरती हसायची.

कधी सुवर्णाचे सासरे यायचे. एकदा ते एका हातात जिवाणू खताचा कॅन आणि दुसऱ्या हातात आर्याचं खोकं घेऊन आले. कॅन काउंटरवर ठेवून म्हणाले, "जमिनीत जीवच ऱ्हायला न्हाई अण्णा. नुसतं घाल घाल घालून मारली आमी. आता जिवाणू बी इकत आणून सोडायला लागत्यात."

मी म्हणालो, "खरं हाय पाटील. जीव हाय तर जमीन हाय."

आणि त्यांच्या दुसऱ्या हातातलं खोकं घेऊन नातीचं औषध कालवायला वळलो. दोन शहाणी माणसं, मध्ये हातभर काउंटर. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही वाजलं नाही.

मग तो बाजाराचा दिवस. दुकानात सात-आठ गिऱ्हाईकं. सुवर्णा आर्याला कडेवर घेऊन आली, खोकं पुढं केलं, आणि ते माझ्या हातात सोडायच्या आधी हळूच म्हणाली, "आवं अण्णा, किती येळा ह्येच न्हेतीया. एकदा कराडला मोठ्या डॉक्टरकडं दाखवून आणू का हिला? बरं वाटतंय आन् परत त्येच."

तिला फक्त एक हो हवा होता. मी मोठ्यांदा म्हणालो, "कराडला कशाला? एवढा मोठा डॉक्टर हितं बसलाय की, फुकटात!"

सगळं दुकान हसलं. तीही हसली, मान खाली घालून. मी बाटलीला टिचक्या मारल्या, निम्मं पाणी घातलं, हलवलं, फेस बसू दिला, रेघेला भरलं. काम चोख. नव्या खोक्यावर सूर्य काढला, चंद्र काढला, मांजर काढायला घेतलं. तेवढ्यात कुणीतरी पट्टी आणि कापूस मागितला. खोकं तसंच देऊन टाकलं. मांजराच्या मिशा राहिल्या.

पोरगी मोठी झाली, छातीचं दुखणं आपोआप कमी झालं. वस्तीवर दिवाळीला पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, तसा तीही करायची. एका दिवाळीला सुवर्णानं हटकून बोलावलं म्हणून बघायला गेलो, तर किल्ल्याच्या पायथ्याशी माझ्या खोक्यांचं गाव! दारं-खिडक्या कापलेली, मांजरांची तोंडं सगळी रस्त्याकडं. आर्या सात-आठ वर्षांची, मला एकेक घर दाखवत म्हणाली, "ह्या गावात मांजरंच ऱ्हात्यात. माणसं न्हाईत." मी शहर वसवल्याच्या थाटात कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पद्माला घरी येऊन सांगितलं, "बघ, माझी चित्रं जपून ठेवलीत लोकांनी."

चित्रं मोजावीत असं मात्र मनात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळं दुकान विकलं आणि ओसरीवर बसायला लागलो. यंदा पावसाळा संपता संपता सुवर्णा आणि रणजित घरी आले. रणजित आता पेन्शनीत आलेला, ताठ मानेचा. सुवर्णाच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा डबा. ती इतकी वाळली होती की पद्मानं आधी तिला पाण्याऐवजी दूधच दिलं.

आर्या दहावीत गेल्यापासून बिनसलं होतं. वर्गात बसली की छाती धडधडायची, हात गार पडायचे, वाटायचं आत्ता आपण मरणार. मग शाळा नको म्हणाली. मग मैत्रिणी नकोत. मग धान्याच्या लोखंडी कोठीमागं जी जागा असते तिथं जाऊन तासन्‌तास बसायला लागली. रणजितला आधी तो आळस वाटला. सासऱ्यांनी अंगारे लावले. एक दिवस पोरगी आईला म्हणाली, "मी नसते तर तुमचं बरं झालं असतं." त्या दिवशी तिला सांगलीला मनाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी उपचार सुरू केले आणि माहितीचा एक मोठा कागद भरायला दिला. जन्म कसा झाला, दूध किती दिवस पाजलं, पहिल्या दोन वर्षांत काय काय आजार झाले, अँटिबायोटिक किती वेळा झाली.

त्या शेवटच्या प्रश्नावर घरात आग लागली होती. रणजितनं मोबाइलवर कुणाचं तरी ऐकलं होतं की लहानपणी ही औषधं फार झाली तर पुढं पोरांचं डोकं बिघडतं. तेवढं ऐकून त्यानं निकाल दिला होता. दिवसातून चार वेळा तो सुवर्णाला सुनवायचा, आणि आर्या कोठीमागं बसून प्रत्येक वेळी ऐकायची.

सुवर्णानं डबा उघडला. आत सगळी खोकी. दारं-खिडक्या कापलेली, मातीनं माखलेली, मांजरं तशीच. "अण्णा, डॉक्टरबाईंनी इचारलंय. ह्यातली चिठ्ठीवरली कंची आन् बिगरचिठ्ठीची कंची, तुमालाच ठावं. तुमचं अक्षर हाय."

मला ठाऊक होतं. चिठ्ठीवर दिलेल्या खोक्यावर मी दुकानाचा शिक्का मारायचो. नुसती पेनची खूण म्हणजे तसंच दिलेलं. शिक्क्याची तीन होती. बिनशिक्क्याची एका नजरेत मोजवेनात.

रणजित मध्येच बोलला, "अक्षर कशाला बघाय पायजे? मी तिकडं बर्फात ड्यूटी करत हुतो आन् ही बया पोरीला दवाखान्यात न्यायचा कंटाळा करून दुकानातनं आणून पाजत हुती. काय अण्णा? तुमी कवा चिठ्ठीबिगर देत न्हवता न्हवं? हीच कुणाची तरी चिठ्ठी दाखवून न्हेत असंल."

सुवर्णा माझ्याकडं बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी दिलं.

"छे छे," मी म्हणालो. "मी नेमाचा माणूस. भित्तीवर फ्रेम हुती माझ्या." आणि हसलो. सवयीनं.

सुवर्णानं एकेक खोकं परत डब्यात ठेवलं, नीट, मांजर वर येईल असं. झाकण लावलं. दूध अर्धंच पिऊन उठली. जाताना पद्माला म्हणाली, "बुधवारी सांगलीला तारीख हाय, काकू. बघू."

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या संध्याकाळी पद्मानं एकच ताट वाढलं, माझं. ती समोर बसून राहिली. मी म्हणालो, "तुला भूक न्हाई व्हय?"

"न्हाई. तुमी जेवा. नेमाचा माणूस तुमी."

दोन घास खाऊन मी म्हणालो, "आता सांगून काय उपयोग? पोरगी बरी होणाराय का त्यानं?"

"पोरगी व्हईल न व्हईल," ती म्हणाली. "पण ती कोठीमागं बसून आईला घातलेल्या शिव्या ऐकतीया. त्या शिव्या तुमच्या हायत. तुमच्या तुमी घेऊन या."

बुधवारी सकाळी उंब्रजहून एसटी धरली, कराडला गाडी बदलली आणि सांगलीत उतरलो. इमारत सापडली. जिना चढायच्या आधी पहिल्या दारात घुसलो आणि रांगेत तासभर बसलो. बोलायचं वाक्य मनात इतक्या वेळा घोकत होतो की पाटी वाचायची राहिली. ते केस गळतीचे डॉक्टर निघाले. माझ्या डोक्याकडं बघून मला कुणी हटकलंही नव्हतं. मनाच्या डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर होत्या. पोचलो तेव्हा तिघंही आत गेले होते. मी दार ढकलून आत गेलो आणि घोकलेलं वाक्य विसरलो.

"मी मेडिकलवाला," मी म्हणालो. "उंब्रजचा. ती औषधं मी दिली. शिक्क्याची तीन सोडून बाकी सगळी बिनचिठ्ठीची. हिनं कुणाचीही चिठ्ठी दाखवली न्हवती. हिनं मला इचारलं हुतं, कराडला डॉक्टरला दाखवू का म्हणून. मीच नको म्हणालो. चारचौघांत चेष्टा केली तिची."

पहिल्यांदा सुवर्णाच बोलली. माझ्याकडं न बघता.

"म्हंजे मी इचारलं हुतं."

"व्हय. बाजारादिवशी."

"मला वाटाय लागलं हुतं, मी सपनातच इचारलं असंल." तिनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. "ह्यांनी इतक्यांदा इचारलं, तू का न्हाई न्हेलंस, तू का न्हाई न्हेलंस, की मला माझंच खरं वाटंना. आन् त्या दिशी तुमी ओसरीवर बसून हसला, अण्णा. मी घरी येऊन सासऱ्यांना म्हणलं, मलाच याड लागलंय जणू."

मी हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि रणजितकडं वळल्या. "हे औषध झालं म्हणून हे झालं, असं मी सांगू शकत नाही. एका मुलीबद्दल तसं कुणीच सांगू शकत नाही. पोटातले जिवाणू आणि मेंदू यांचा संबंध असतो, एवढं कळायला लागलंय. अगदी लहानपणी ही औषधं वारंवार झालेल्या मुलांना पुढं असा त्रास जास्त होतो का, ते शोधणं चालू आहे. कुणाला धागा दिसतो, कुणाला दिसत नाही. जे मूल सारखं औषध घेतं ते मुळात सारखं आजारीही असतं. मग दोष कुणाचा, आजाराचा की औषधाचा? शिवाय घरातले ताण असतात, रक्तातून आलेलं असतं. आणि हिला खराखुरा न्यूमोनिया झाला असता, तर हीच बाटली मी स्वतः पाजली असती. नको तेव्हा दिली गेली, हे चूकच. पण मी प्रश्न विचारला तो माहितीसाठी. गुन्हेगार शोधायला नाही. कुणी पाजलं यावरून तुमच्या घरात जे बोललं जातं, ते ही मुलगी ऐकते. त्याचा परिणाम मात्र मला स्पष्ट दिसतोय. तो आजपासून थांबवा."

म्हणजे मला कुणी दोषी ठरवलं नाही. कुणी सोडलंही नाही. निकाल लागला असता तर एकवेळ सोसलं असतं. हे असं आहे की मेलो तरी मला कळायचं नाही, माझ्या हातचं त्या पोरीच्या वाट्याला काय आलं.

रणजित ताठ बसून होता. मग उठला आणि सुवर्णाच्या मांडीवरचा खोक्यांचा डबा स्वतःच्या हातात घेतला. एवढंच. माफी वगैरे काही नाही. पण घरापासून सांगलीपर्यंत तो डबा तिनंच वागवला होता, हे तिच्या हातावरच्या वळांवरून दिसत होतं.

बाहेर आल्यावर रणजित औषधं आणायला गेला, सुवर्णा पुढच्या तारखेसाठी खिडकीपाशी उभी राहिली. डबा बाकावर. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आर्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. पंधरा वर्षांची, पण मान अशी टाकलेली की म्हातारीची वाटावी.

तिनं डब्याचं झाकण काढलं. एकेक खोकं बाजूला करत तळाशी गेली आणि एक वर काढलं. माझ्यासमोर धरलं.

"ह्याला मिशा का न्हाईत?"

मी लगेच ओळखलं. "त्या दिवशी बाजार हुता बाळ. गर्दी हुती. गडबडीत राहिल्या."

तिनं ते खोकं जवळ नेऊन निरखलं. सूर्य, चंद्र, रेघा. मग शांतपणे, राग नाही, काही नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारावं तसं म्हणाली, "गडबडीत मिशा राहिल्या. औषध कसं न्हाई राहिलं?"

इतकी वर्षं काउंटरमागं उभा राहिलो, एकाही गिऱ्हाइकाला बिनउत्तराचं परत पाठवलं नाही. या पोरीनं उत्तराची वाटच बघितली नाही. खोकं माझ्या बाजूला बाकावर ठेवलं आणि आईनं हाक मारली तशी डबा उचलून निघून गेली.

आर्याचे उपचार चालू आहेत. सुवर्णा फोनवर पद्माशी बोलते, माझ्याशी नाही. कोठीमागं बसणं कमी झालंय म्हणते, शाळेचं अजून काही नाही. यंदा अंगणात किल्ल्याची माती आणून टाकलीय, हात कुणी लावलेला नाही.

ते खोकं माझ्याकडं आहे, चष्म्याच्या घरापाशी. शेजारी पेनही आहे. एक-दोनदा टोपण काढलं. मिशा काढल्या नाहीत.